पहाटे चारच्या आत

सांगलीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी सव्वीस वर्षं बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती, लिहिली. ड्रायव्हर मला दिवाणजी म्हणायचे. गाडी कुणाची लावायची, भाडं काय ठरवायचं, ड्रायव्हरच्या हातावर अ‍ॅडव्हान्स किती टेकवायचा हे शेठ बघायचे. गाडी किती वाजता पोचायची, हे मात्र मी लिहायचो. संध्याकाळी पार्टीचा फोन यायचा, ‘‘दिवाणजी, पहाटे चारच्या आत वाशीला माल लागला पाहिजे बरं का.’’ मी ‘‘लागेल की’’ म्हणायचो आणि बिल्टीच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहायचो, ‘प. ४ च्या आत’. खाली दोन रेघा. हे लिहायला मला कधी अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

ट्रकवाल्यांच्या कामाच्या तासांवर अधूनमधून चर्चा उठते. एखादा मोठा अपघात होतो, टीव्हीवर गाडीचा चेंदामेंदा दिसतो, ‘चालकाचा डोळा लागल्याचा प्राथमिक अंदाज’ अशी ओळ येते आणि दोन दिवस सगळे ड्रायव्हरच्या झोपेची काळजी करतात. ती झोप कुणी खाल्ली, हे विचारायला आमच्या ऑफिसाची पायरी मात्र कधी कुणी चढलं नाही. म्हणून आता निवृत्तीत मीच लिहायला बसलो आहे.

२०११ सालचा फेब्रुवारी. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. तासगाव भागात त्या दिवसांत गाडी मिळणं मुश्कील. जी मिळेल ती, जसा असेल तसा ड्रायव्हर, भरा आणि सोडा. त्या रात्री एकाच व्यापाऱ्याच्या दोन आयशर वाशीला लावल्या होत्या. पहिल्या गाडीवर मिरजेचे एक ड्रायव्हर होते. वयानं पन्नाशीचे, कपाळाला बुक्का, दारूला न शिवलेले. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. दुसरी गाडी तासगावातच पंक्चर झाली आणि दोन तास मागं राहिली.

मामांचा तो दिवस मी नंतर कागदावर मांडून पाहिला. आदल्या रात्री ते हुबळीहून माल घेऊन निघाले, सकाळी साडेसहाला कुपवाडच्या एमआयडीसीत पोचले. कारखान्याच्या गेटबाहेर सात गाड्यांची रांग. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वॉचमन शिट्टी मारायचा, गाडी एक नंबर पुढं घ्यायची. अशा रांगेत झोप येत नाही, नुसती डुलकी येते आणि तीही मोडते. गाडी खाली व्हायला दुपारचे दोन वाजले. तिथून तासगाव, पॅकिंग शेडवर पुन्हा थांबा. अकराशे पेट्या, एकेक मोजून चढवायच्या, द्राक्षाला धक्का लागू द्यायचा नाही, वर ताडपत्री, मग दोरखंड. रात्री साडेआठला गाडी निघाली.

आता त्या दिवसाचा हिशेब करा. सकाळी साडेसहापासून रात्री साडेआठपर्यंत मामांनी स्टिअरिंग धरलं ते जेमतेम दीड तास. ‘गाडी चालवण्याचे तास’ एवढंच मोजलं, तर साडेआठला निघालेला माणूस ताजातवाना ठरतो. प्रत्यक्षात तो छत्तीस तासांत नीट आडवा झालेला नव्हता.

तासगाव ते वाशी साधारण साडेतीनशे किलोमीटर. भरलेली गाडी, खंबाटकी, मग खंडाळा. सरासरी ताशी चाळीस धरा. पावणेनऊ तास चाकावर आणि अर्धा तास चहा-पाण्याला. साडेआठला निघालेली गाडी पावणेसहाच्या आधी पोचत नाही. हे गणित चौथीतल्या पोराला जमेल. मलाही जमत होतं. तरी बिल्टीवर ‘४ च्या आत’च लिहिलं होतं.

मला एक सवय होती आणि तिचा मला अभिमान होता. मी रात्री तीनचा गजर लावून उठायचो आणि वाटेवरच्या ड्रायव्हरांना फोन करायचो. बायको वैतागायची. माझी समजूत अशी, की आपण त्यांना जागं ठेवतोय. त्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी मामांना फोन लावला.

‘‘कुठवर आलाय मामा?’’

‘‘खंडाळा उतरतोय दिवाणजी. पोचतंय.’’

‘‘चारचं लिवलंय. जरा दाबा.’’

‘‘व्हय व्हय.’’

खोपोली सोडल्यावर पुढं, कडेला बंद पडलेल्या एका ट्रेलरच्या मागं गाडी घुसली. ट्रेलरला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. किन्नर, म्हणजे क्लीनर पोरगं, सीटमागच्या फळीवर झोपलेलं होतं म्हणून वाचलं. मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पंचनाम्यात नेहमीचे शब्द होते : भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणाने. चार टनांहून जास्त द्राक्षं घेतलेली जुनी आयशर भरधाव म्हणजे किती धावणार, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं. पण छापील नमुन्यातले शब्द तेच असतात.

आणि हा प्रश्न एका पंचनाम्यापुरता नाही. केंद्र सरकार दरवर्षी रस्ते अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. कारणांचे रकाने बघा : अतिवेग, दारू, उलट दिशेनं गाडी, सिग्नल तोडणं, मोबाइल. उरलेलं सगळं ‘इतर’. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर. झोपेला रकानाच नाही. डोळा लागलेल्या माणसाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच असतो, तेव्हा तोही बहुधा अतिवेगातच जमा होत असणार. ज्याला रकाना नाही त्याला बजेट नाही, हे मी सव्वीस वर्षं कारकुनी केल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.

लोकांना वाटतं आपल्याकडे कायदाच नाही. कायदा माझ्या जन्माआधीचा आहे. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगी काढून दहा तास आणि चोपन्न तास, त्यापुढे एरवी नाही. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास मोकळे. आठवड्याची सुट्टी. मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलमही ट्रक-बसवाल्यांसाठी याच तासांकडे बोट दाखवतं. मी हा कायदा पहिल्यांदा वाचला तो निवृत्त झाल्यावर, नगरवाचनालयात. ऑफिसात सव्वीस वर्षांत त्याचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

वाचताना एका ओळीवर मी थबकलो. कामाचे तास म्हणजे काय, याची व्याख्या तिथे दिलेली आहे. गाडी चालवण्याचा वेळ धरा, त्याला जोडून येणारी कामं धरा, आणि ठाण्यावर नुसतं हजर राहण्याचा वेळ धरा, पण कितीपर्यंत? पंधरा मिनिटांहून कमी असला तर. ज्यानं हे लिहिलं त्याच्या डोळ्यापुढे एसटीचा स्टँड असणार. गाडी लागली, कंडक्टरनं चहा घेतला, घंटी मारली, निघाली. कुपवाडच्या गेटबाहेरचे साडेसात तास त्याच्या कल्पनेत नव्हते. चौदा मिनिटं थांबलास तर काम, साडेसात तास थांबलास तर तू मोकळा! ‘मालकाच्या ताब्यात असलेला वेळ’ असे शब्दही त्याच व्याख्येत आहेत, त्यामुळे वकील वेगळा अर्थ लावू शकेल. पण मामांच्या वतीनं वकील कोण लावणार होतं?

आणि मुळात हा कायदा आम्हाला लागूच नव्हता, निदान कागदावर. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला तो लागू. आमच्या शेठच्या सहा गाड्या होत्या. दोन त्यांच्या नावावर, दोन वहिनींच्या, दोन धाकट्या भावाच्या. बाकी सगळ्या मार्केटच्या गाड्या, म्हणजे ज्या त्या मालकाच्या. शेठ वाईट माणूस नव्हता. मामांच्या दवाखान्याचं निम्मं बिल त्यांनी भरलं. पण गाड्या वाटून ठेवायचं शहाणपण त्यांच्या सीएनं दिलं होतं आणि ते गावातल्या सगळ्याच ट्रान्सपोर्टवाल्यांना होतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांतल्या एकीत विरघळला. आठ तास तिथंही आहेत. फक्त मोटार वाहतुकीच्या धंद्याला ती लागू व्हायची किमान संख्या पाचावरून दहा झाली. या देशातले बहुतेक ट्रक मोजक्याच गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. कितीतरी ठिकाणी मालकच ड्रायव्हर असतो, हप्ता फेडत रात्र काढतो. त्याला कामगार कोण म्हणणार? तास मोजायचे ठरवलं तर तिथंच मोजायला हवेत, आणि कायदा नेमका त्याच्या दारावरून पुढे निघून जातो.

आणखी एक गोष्ट गाजावाजा न होता झाली. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीत दोन ड्रायव्हर हवेत असा नियम होता. पाळला जात नव्हता. पोलिसांनी अडवलं की किन्नरलाच दुसरा ड्रायव्हर म्हणून दाखवायचे. तरी निदान कागद म्हणत होता, की एक माणूस झोपेल. २०१८ साली तो नियम काढून टाकला. त्याच २०१८ सालात ट्रकची भार वाहण्याची अधिकृत मर्यादा साधारण वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. एकाच वर्षी गाडीत वजन वाढलं आणि माणूस कमी झाला. त्यावर ओरड झाल्याचं मला तरी आठवत नाही.

जकात नाक्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस तुम्हाला भेटला नसेल. मी बोलतो. म्हणजे नाका वाईटच होता. तिथला प्रत्येक शिक्का पैसे मागायचा. पण मुंबईत शिरणारी गाडी मुलुंडला नाहीतर मानखुर्दला बाजूला लागायची, एजंट कागद घेऊन खिडकीकडे जायचा आणि तो परत येईस्तोवर ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून घोरायचा. तीन तास, कधी पाच तास. पार्टीलाही ते ठाऊक असायचं, भाड्यात आणि वेळेत ते धरलेलं असायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलच्या रांगा आटल्या. सगळं चांगलंच झालं. वाचलेले तास कुठे गेले, एवढंच मी विचारतो. माझ्या टेबलावरून मला दिसत होतं : पार्टी म्हणू लागली, ‘आता नाका नाही, मग चारला का, तीनला लागू दे.’ वाचलेल्या वेळातला पाव तासही ड्रायव्हरच्या उशाला गेला नाही.

समृद्धी महामार्गाचं तसंच. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. सरळसोट रस्ता, ना वळण ना गाव, समोर तोच पांढरा पट्टा. ‘रोड हिप्नॉसिस’ हा शब्द आपल्या पेपरांनी त्याच रस्त्यामुळे शिकवला. जुन्या रस्त्यानं जाताना प्रत्येक गावात बैलगाडी, गतिरोधक, कुत्रं आडवं यायचं. वैताग यायचा, पण जागही यायची. रस्ता चांगला झाला की ड्रायव्हरला आराम मिळेल असं रस्ता बांधणाऱ्यांना वाटतं. बिल्टी लिहिणाऱ्याला कळतं, की आता फेऱ्या वाढणार.

नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये म्हटलं होतं, की वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवले पाहिजेत आणि गाडीत झोप ओळखणारे सेन्सर हवेत. वैमानिकाची तुलना मला आवडली, पण ती पुरती करू या. २०२५ च्या डिसेंबरात देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीसवर गेली होती आणि तेवढे वैमानिक कंपनीनं जोडून ठेवले नव्हते. विमानतळावर माणसं बॅगांवर झोपली. सरकारनं त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूटही दिली. पण जाब कंपनीला विचारला गेला. ‘वैमानिक झोपाळू आहेत’ असं कुणी म्हटलं नाही. ट्रकच्या बाबतीत सेन्सर कुठे लागणार? ड्रायव्हरच्या तोंडासमोर. डोळा मिटला की तो कोकलणार. माझ्या तीनच्या फोनची ही सुधारलेली आवृत्ती झाली.

युरोपात काय करतात हे मी मुद्दाम शोधून वाचलं. २००६ चा नियम आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यात दोनदा फार तर दहा. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ते ड्रायव्हरच्या कार्डावर सगळं नोंदवतं. हे बऱ्याच लोकांना माहीत असतं. मला बसवून ठेवलं ते त्यातल्या दहाव्या कलमानं. जास्त किलोमीटर मारले म्हणून, लवकर पोचवलं म्हणून ड्रायव्हरला पैसे देऊन रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात आणायची नाही. आणि माल पाठवणारा, मधला दलाल, कंत्राट देणारा, या सगळ्यांनी ठरवलेली वेळ ही विश्रांतीच्या नियमात बसणारी आहे याची खात्री करायची. म्हणजे तिकडे ‘प. ४ च्या आत’ लिहिणारा माणूस कायद्याच्या कक्षेत येतो. मी येतो. माझी पार्टी येते. तिकडेही चोऱ्या होतात, कार्डं बदलली जातात, पार्किंगला जागा पुरत नाही, हे सगळं आहे. तरी प्रश्न योग्य माणसाला विचारलेला आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही, कारण नोंदीच नाहीत, असं एक ट्रान्सपोर्टवाला मित्र मला म्हणाला. नोंदी नाहीत? पन्नास हजारांवरचा माल हलवायचा म्हटलं की बहुतेक वेळा ई-वे बिल लागतं. त्यावर गाडीचा नंबर, माल कुठून निघाला, कुठे चालला, अंतर किती, सगळं असतं. त्या बिलाला मुदत असते : दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. मुदत संपली आणि गाडी सापडली तर दंड असा, की शेठ उठून उभे राहायचे. म्हणजे मालाच्या प्रवासाला घड्याळ लावलेलं आहे. मिरची, हळद, बेदाणा किती वेळ रस्त्यावर आहे हे सरकारला ठाऊक आहे. फास्टॅगमुळे गाडी तासवड्याला किती वाजता होती आणि खालापूरला किती वाजता, हेही कळतं. डिझेल चोरू नये म्हणून मालकानं जीपीएस बसवलेला असतो. गाडी ढाब्यावर चाळीस मिनिटं उभी राहिली की ऑफिसातून फोन जातो. कर चुकवला तर पकडायला, डिझेल काढलं तर पकडायला सगळी यंत्रं आहेत. तीच यंत्रं उलट्या बाजूनं वाचायची आहेत. एक खोच आहे, ती मान्य करतो : हे सगळं गाडीचं सांगतं, माणसाचं सांगत नाही. गाडीत एक ड्रायव्हर होता की दोन, हे फास्टॅगला कळत नाही. मग ई-वे बिलावर ड्रायव्हरच्या लायसनचा नंबर घाला. एक रकाना वाढेल. कारकून कुरकुर करतील. मीही केली असती.

माझं म्हणणं एवढंच, की तासांचा नियम नोकरीला बांधू नका, बिल्टीला बांधा. मालक कोण, कामगार किती, गाडी वहिनींच्या नावावर की भावाच्या, याच्याशी झोपेला कर्तव्य नाही. माल निघाला, अंतर इतकं, तर अमुक वाजायच्या आत तो पोचू शकत नाही. त्याआधीची वेळ मागणारा आणि ती लिहून देणारा, दोघेही जबाबदार. आणि गेटवर गाडी आली ती वेळ, खाली झाली ती वेळ, दोन्ही बिल्टीवर कारखान्याच्या शिक्क्यानिशी. मधला सगळा काळ कामाचा धरायचा, पंधरा मिनिटं असो की पंधरा तास. हॉल्टिंगचे पैसे बिल्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तेव्हाही छापलेले असायचे. ते मागायची ताकद मार्केटच्या गाडीवाल्याकडे कधी नव्हती. मागितले तर पुढची लोडिंग दुसऱ्याला. कारखान्याला गाडी उभी करून ठेवणं फुकट पडतं, तोवर गोडाऊनचं भाडं वाचवायला तो ट्रकच वापरणार.

ड्रायव्हर या नियमाला पहिला विरोध करतील, हेही सांगून टाकतो. त्यांना खेपेवर पैसे मिळतात. महिन्याला फेऱ्या कमी म्हणजे भत्ता कमी, घरी पैसे कमी. ‘दिवाणजी, झोप काय घरी गेल्यावर काढू की’ हे मी शंभर जणांकडून ऐकलंय. त्यांना तास आखून द्यायचे आणि पगार तसाच फेरीवर ठेवायचा, म्हणजे त्यांनाच नियम मोडायला लावायचं आणि वर पावती फाडायची. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाले रस्त्यावर उतरले ते अशाच रागातून. अपघात करून पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं कलम नव्या न्याय संहितेत आलं होतं. सरकारनं ते तूर्त थांबवलं. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण शिक्षेची वर्षं वाढवायची झाली की ड्रायव्हर सगळ्यांना आधी आठवतो.

थांबायचं म्हटलं तरी कुठे, हाही प्रश्न आहेच. हायवेच्या कडेला थांबला तर मामा ज्याच्या मागं घुसले त्या ट्रेलरसारखा कुणाचा तरी काळ होणार. पेट्रोल पंपावर दोन तासांवर कुणी उभं राहू देत नाही. ढाब्यावर बाज मिळते, पण डिझेल, बॅटरी, ताडपत्री यांच्यावर एक डोळा ठेवून झोपावं लागतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. फार चांगलं झालं. मे महिन्यातली केबिन म्हणजे काय हे ज्यानं सोसलंय त्याला विचारा. पण उभ्या गाडीत एसी लावून झोपायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं आणि ते डिझेल कुणाच्या खात्यावर? मालक जीपीएसवर बघणार : गाडी उभी, इंजिन चालू. लगेच फोन. राखणदार असलेली, भिंतीची, न्हाणीघराची जागा ठरावीक अंतरावर असल्याशिवाय ‘अर्धा तास विश्रांती घ्यावी’ हे वाक्य नुसतं सुविचारासारखं भिंतीवर लटकत राहील.

मामा आता मिरजेत नातवाच्या मोबाइल दुकानात बसतात. जयपूर फूट बसवलाय, काठी घेऊन बरे चालतात. मी वर्षातून दोन-तीनदा जातो. चहा येतो. गाड्यांच्या गप्पा होतात, त्या रात्रीच्या होत नाहीत. माझा तो फोन त्यांना आठवत असणारच. ‘जरा दाबा’ हे शब्द त्यांनी पोलिसांना सांगितले नाहीत, शेठना सांगितले नाहीत, मलाही कधी ऐकवले नाहीत.

त्या रात्रीची दुसरी गाडी, जी पंक्चर होऊन मागं राहिली होती, ती सकाळी आठला वाशीच्या गाळ्यावर लागली. चार तास उशिरा. माल उतरला, विकला गेला. महिनाअखेरीला व्यापाऱ्यानं हिशेब पाठवला, त्यात त्या गाडीपुढे शेरा होता : उशिरा पोच, भाव पेटीमागे सहा रुपयांनी कमी. तिच्यातही पेट्या अकराशेच होत्या. सहा हजार सहाशे रुपये आमच्या भाड्यातून वळते झाले. ती नोंद खतावणीत मीच केली. मामांना तो आकडा मी अजून सांगितलेला नाही.